'करमत नही'ला इंग्रजीत काय म्हणायचं?

पत्राचा सारांश: छत्तीस वर्षांचे एक वाचक लिहितात. मूळचे बागलाणातले, घरची बोली अहिराणी. बारा वर्षांपासून नाशकात, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. आई गेल्यावर वडील, म्हणजे आबा, गावी एकटेच राहिले. रोज संध्याकाळी सातला त्यांचा फोन यायचा. पीकपाणी, कांद्याचा भाव, आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य: "करमत नही रे भाऊ." हे म्हणायचे, "रविवारी येतो." तीन रविवार ऑडिटच्या धावपळीत गेले. चौथ्या आठवड्यात आबा झोपेतच गेले. त्याला आता नऊ महिने झाले. सांज झाली की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, झोप तुटक लागते, कामात चुका होतात. हृदयाच्या तपासण्या व्यवस्थित आल्या, तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी समुपदेशन सुचवलं. पाच महिने ते दर गुरुवारी गंगापूर रोडवरच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे जात होते. "पहिल्या दिवशी मॅडम मराठीतच बोलल्या, पण मी इंग्रजीत सुरू झालो आणि मग तेच चालू राहिलं. गिल्ट, ट्रिगर, अव्हॉयडन्स, सगळे शब्द पाठ झालेत. बोलून बाहेर पडतो तेव्हा कोरडाच असतो." गेल्या महिन्यात मॅडमनी विचारलं, आबा फोनवर नेमकं काय म्हणायचे? यांनी ते वाक्य आबांच्या बोलीत म्हटलं, आणि पुढची वीस मिनिटं हुंदक्यांपुढे शब्द फुटला नाही. त्यानंतरचे दोन गुरुवार ते गेलेले नाहीत. पत्नी म्हणते, नुसतं बोलून काय होतंय, उलट त्रास वाढला. त्यांचे प्रश्न तीन: बोलण्याचा खरंच उपयोग असतो का? इतकं रडलो म्हणजे पाच महिन्यांची मेहनत वाया गेली का? आणि अहिराणी येणारं कुणी शोधावं का?

नमस्कार.

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी हातात पेन्सिल घेतली. अडीच पानांत 'गिल्ट' हा शब्द सात वेळा आला आहे, 'खंत' एकदाही नाही. 'जाणं झालं नाही' असं पाच ठिकाणी आहे, 'मी गेलो नाही' असं कुठेच नाही. आणि बाकी पत्राचं शुद्धलेखन इतकं काटेकोर असताना आबांच्या वाक्यातल्या 'नही'चं 'नाही' तुम्ही केलेलं नाही. ते एक वाक्य तुम्ही त्यांच्याच आवाजात राहू दिलंत. पुढे जे लिहितेय ते सगळं या पेन्सिलच्या खुणांवरूनच सुचलेलं आहे.

आधी तुमचा दुसरा प्रश्न घेते, कारण गुरुवारी तुम्हाला घरी बसवतोय तो हाच. त्या वीस मिनिटांत तुमचं काही बिघडलं, असं मला वाटत नाही. झालं ते इतकंच, की तुम्ही भाषा बदललीत.

पहिली भाषा आपण मांडीवर शिकतो. अंगाई, रागावणं, तापात कपाळावर ठेवलेला हात, हे सगळं त्या शब्दांना चिकटून येतं. नंतरची भाषा बाकावर बसून येते, तुमच्या बाबतीत डिप्लोमाच्या वर्गात आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत. या फरकाची मोजदादही झालेली आहे. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी मोठेपणी शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवून, त्यांच्या बोटांवर सुटणारा सूक्ष्म घाम यंत्राने नोंदवण्यात आला. २००३ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. लहानपणी मोठ्यांकडून ऐकलेल्या दटावणीची वाक्यं तुर्कीत ऐकली की शरीर जोरात दाद द्यायचं, तीच वाक्यं इंग्रजीत फारशी भिडायची नाहीत. आपल्याला हे पटायला यंत्र लागत नाही. 'शेम ऑन यू' ऐकून काही होत नाही, पण 'लाज वाटते का जरा?' हे आईच्या सुरात आठवलं तरी कान गरम होतात.

म्हणजे पाच महिने तुम्ही इंग्रजीत बोललात, तेव्हा आबांच्या जाण्याला जाड हातमोजे घालून हात लावत होतात. पोळण्याइतकं गरम भांडं तसंच उचलावं लागतं. त्या हातमोज्यांशिवाय तुम्ही पहिल्या महिन्यात त्या खुर्चीवर टिकला असतात का, मला शंका आहे. त्यामुळे ती मेहनत वाया गेलेली नाही. तिच्याच बळावर तुम्ही ते वाक्य उच्चारू शकलात.

पण मी रडण्याची वकिली करत नाही, हेही स्पष्ट सांगते. 'रडून मोकळा हो' हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. नुसत्या रडण्याने माणूस बरा होतो, असं नाही. रडू ओसरल्यावर, डोळे पुसून, त्याच खोलीत, त्याच माणसासमोर बसून जे बोलणं होतं, त्यात उपचाराचा मोठा भाग असतो. तुमचं ते बोलणं राहून गेलं, कारण पुढच्या गुरुवारी तुम्ही गेलाच नाहीत. जखम उघडली आणि मलमपट्टीच्या वेळेला तुम्ही उठून आलात. मग पत्नीला त्रास वाढलेला दिसतो, यात नवल नाही.

आता पत्नीचा प्रश्न, जो तुमचाही आहे: नुसतं बोलून काय होतं?

२००७ साली लॉस एंजेलिसला मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूचे स्कॅन काढत एक साधा प्रयोग केला. लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. कधी त्या चेहऱ्याला शोभेल असं माणसाचं नाव निवडायला सांगितलं, कधी त्यावरच्या भावनेचा शब्द. भावनेचा शब्द निवडला की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा भाग, कमी पेटायचा. पुढे २०१२ मध्ये कोळ्याची दहशत असणाऱ्यांवर प्रयोग झाला. जिवंत, मोठ्या केसाळ कोळ्याजवळ जाताना काहींनी स्वतःची भीती मोठ्याने शब्दांत सांगितली, काहींनी 'हा निरुपद्रवी आहे' अशी मनाची समजूत घातली, काहींनी भलताच विषय काढला. आठवड्याने पुन्हा कोळ्यासमोर आणल्यावर, भीतीला भीती म्हणणाऱ्यांचं शरीर सर्वांत शांत होतं. आणि त्यांच्यातही भीतीचे शब्द ज्यांनी जास्त वापरले त्यांना गुण जास्त.

मग तुम्ही म्हणाल, मी तर सात वेळा गिल्ट म्हटलं. तुमच्या पत्रातली माझ्या मते सगळ्यात मोठी गृहीत गोष्ट इथेच आहे: अचूक संज्ञा सापडली म्हणजे भावना कळली. तुम्ही क्वालिटीत काम करता, दोषाला नाव दिलं की अर्धं काम झालं असा तिथला रिवाज असेल. मन तसं चालत नाही. युजीन जेंडलिन हे नामवंत समुपदेशक कार्ल रॉजर्स यांच्यासोबत शिकागोत काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी समुपदेशनाच्या ध्वनिफिती ऐकल्या, तेव्हा कोणाला गुण येणार याचा अंदाज लोकांच्या बोलण्याच्या पद्धतीवरून येऊ लागला. गुण येणारी माणसं मधेच थांबायची. 'म्हणजे, राग नाही… काहीतरी अडकल्यासारखं… नाही, अडकल्यासारखंही नाही…' अशी चाचपडायची. शरीरात जे जाणवतंय त्याच्याशी शब्द ताडून बघायची, जुळला नाही तर टाकून द्यायची. तुम्ही गुरुवारी अडखळत नाही, भाऊ, ही तुमची अडचण आहे. 'गिल्ट' तुमच्या तोंडी इतका सराईत झालाय की त्याच्याखाली काय आहे ते तपासायची गरजच उरलेली नाही.

मराठीत यासाठी केवढं भांडार आहे बघा. शेवटच्या फोनवर आपण घाईत बोललो, ही चुटपुट. ते दिवस डोळ्यांसमोरून जात नाहीत, काहीतरी राहिलंय असं आत कुरतडत राहतं, ती रुखरुख. आईनंतर आबा एकटे पडले याची हळहळ. वर्षानुवर्षं मुरून बसते ती खंत. आणि 'मी चुकलो' असं स्वतःला सांगता येतं तो पश्चात्ताप. या प्रत्येकाला वेगळं औषध लागतं. चुटपुट कुणाला सांगितली तरी हलकी होते. पश्चात्तापाला कुठेतरी माफी मागावी लागते. हळहळीत तर तुमचा दोषच नाही, ते निव्वळ प्रेम आहे. तुम्ही या सगळ्यांना एका गोणीत भरून वर 'गिल्ट' असं लेबल लावलंय. मानसशास्त्रात या बारकाव्यावर बरंच काम झालंय. भावना वेगवेगळ्या ओळखता येणाऱ्या माणसांना त्या हाताळणं तुलनेने जमतं, असा त्याचा एकूण रोख आहे.

आता 'जाणं झालं नाही'बद्दल. यावर मी जरा रेंगाळणार आहे.

२०२२ साली अमेरिकेतलं एक मोठं संशोधन प्रसिद्ध झालं. मेसेजवरून समुपदेशन घेणाऱ्या सहा हजारांहून अधिक लोकांचे बारा लाखांच्या आसपास मेसेज संगणकाने तपासले गेले. उपचार जसे पुढे सरकले तसं लोकांच्या लिहिण्यात 'आय', 'मी' आणि वर्तमानकाळ कमी होत गेला, म्हणजे स्वतःपासून आणि आत्ताच्या क्षणापासून थोडं अंतर आलं. हे अंतर जिथे जास्त, तिथे उदासी आणि चिंतेची लक्षणं कमी दिसली. अशी बातमी वाचून कुणी 'मी' म्हणणं सोडून देईल, म्हणून दोन गोष्टी सांगते. एक, अंतरामुळे बरं वाटलं की बरं वाटल्यामुळे अंतर आलं, हे त्यावरून ठरत नाही. दोन, ते इंग्रजीचं गणित आहे. इंग्रजीत 'आय' मोजता येतो. आपण 'गेलो नाही' म्हटलं की 'मी' क्रियापदाच्या पोटात असतो, आणि 'मला रडू आलं' म्हटलं की येणारं रडू हाच कर्ता होतो. मराठीत भावना येतात: राग येतो, कंटाळा येतो, भरून येतं. येतं ते जातंही, हे आपल्या व्याकरणातच आहे आणि दुःखात त्याचा आधार वाटतो. पण याच व्याकरणात लपायलाही छान जागा आहे. 'जाणं झालं नाही' या वाक्यात कुणीच नाही. न गेलेला मुलगा त्यात सापडत नाही, म्हणून त्याला क्षमाही करता येत नाही.

म्हणून माझी विनंती अशी, की एकदा, मॅडमच्या समोर, मराठीत म्हणा: "मी गेलो नाही." आणि तिथे थांबू नका. पुढे 'कारण' म्हणा. कारण ऑडिट होतं. कारण 'करमत नही' आबा आई गेल्यापासून रोजच म्हणायचे आणि मला त्याची सवय झाली होती. कारण पुढचा रविवार आहेच, असं मला वाटलं. हे स्वतःला फटके मारणं नव्हे. फटके मारणारं वाक्य वेगळंच असतं, आणि तेही तुमच्या पत्रात आहे: 'मी जायलाच हवं होतं.' त्यातल्या 'च'कडे बघा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा सगळा भर अशा 'पाहिजेच', 'व्हायलाच हवं'वर आहे. इंग्रजीत त्यासाठी अख्खा शब्द लागतो, आपण एका अक्षरात माणसाला फासावर चढवतो. 'मी जायला हवं होतं' यात खंत आहे. 'जायलाच' म्हटलं की खटला संपून शिक्षा झालेली असते.

'कारण' या शब्दावर माझा भरवसा उगीच नाही. १९८६ मध्ये जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या क्लेशकारक घटनेबद्दल लिहायला लावलं. लिहून झाल्या झाल्या ते आणखी उदास दिसले, अगदी तुमच्या त्या गुरुवारसारखे. पण घडलं ते आणि वाटलं ते, दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. पुढे अशा लिखाणातले शब्द मोजले तेव्हा दिसलं, की पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ज्यांच्या लिहिण्यात 'कारण', 'त्यामुळे', 'आता कळतं' असे शब्द वाढत गेले, त्यांना फायदा अधिक. पहिल्या दिवशी विस्कळीत आणि चौथ्या दिवशी गोष्ट, असा तो प्रवास. सरासरी फायदा फार मोठा नसतो, पण वहीचा खर्च तो काय.

तुम्ही हे घरी करू शकता, मात्र सातच्या ठोक्याला नको. सुट्टीच्या दिवशी सकाळी बसा. वीस मिनिटं, सलग तीन-चार दिवस, हव्या त्या बोलीत, शुद्धलेखन न बघता. लिहिताना छाती फारच भरून आली तर वही मिटून खाली चक्कर मारून या. कुणाला दाखवायचं नाही. एखाद्या दिवशी स्वतःला बाहेरून हाक मारून लिहा, आबा लिहितील तसं: "भाऊ, तू त्या दिवशी…" तणावात असताना स्वतःशी 'मी' म्हणून बोलण्याऐवजी स्वतःचं नाव घेऊन बोलणाऱ्यांचा ताण कमी राहतो, असं ईथन क्रॉस यांच्या २०१४च्या प्रयोगांत दिसलं आहे. अंतर घ्यायला इंग्रजीच लागते असं नाही, ते आपल्या घरातही मिळतं.

राहिला तिसरा प्रश्न. अहिराणी येणारे समुपदेशक मिळाले तर आनंदच आहे. भाषेचा फरक पडतो, हे खरं. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या समाजांसाठी बेतलेल्या उपचारांच्या ७६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये झाला, त्यात लोकांच्या मातृभाषेतले उपचार इंग्रजीतल्या उपचारांपेक्षा दुपटीने परिणामकारक दिसले. पण तो आढावा तुमच्या मॅडमविरुद्ध जात नाही. त्या पहिल्या दिवशी मराठीतच बोलल्या होत्या, इंग्रजी तुम्ही निवडलीत. पाच महिन्यांत तुमच्या तोंडून जे निघालं नाही ते एका प्रश्नाने काढणारी बाई बदलू नका. त्यांना अहिराणी नसेल येत, तर आबांचं वाक्य आधी आहे तसं म्हणा आणि मग मराठीत त्याचा अर्थ सांगा. ते सांगतानाच तुमचं चाचपडणं सुरू होईल, आणि आपल्याला हवं आहे तेच.

'बोलण्याचा उपचार' हे नावच मुळी एका रुग्ण मुलीने दिलेलं आहे. व्हिएन्नामध्ये १८८० ते १८८२ या काळात डॉ. ब्रॉयर यांच्याकडे उपचार घेणारी, ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या पुस्तकात 'ॲना ओ.' म्हणून आलेली बेर्था पापेनहाइम. मातृभाषा जर्मन, पण वडिलांच्या आजारपणात आणि त्यांच्या मृत्यूनंतर काही काळ ती फक्त इंग्रजीच बोलायची. त्या उपचाराचं नावही तिने इंग्रजीतच ठेवलं. पुस्तकात लिहिलंय तशी ती पटकन बरी झाली नाही, नंतर रुग्णालयात राहावं लागलं. पुढे मात्र तिने स्त्रियांसाठी मोठं काम उभारलं. वडील गेल्यावर परक्या भाषेच्या आडोशाला बसणारे तुम्ही पहिले नाही.

तुमच्यासारखी पत्रं मला अलीकडे बरीच येतात, म्हणून इतरांसाठीही थोडं. पहिल्याच भेटीत विचारून घ्या: मला रडू येतं त्या भाषेत इथे बोलता येईल का? समुपदेशकाचं शिक्षण काय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. दोन-तीन महिन्यांनी एकदा झोप, भूक, काम, राग यांत काय बदललं, हे दोघांनी मिळून तपासा. आणि दुःख सहा महिन्यांनंतरही तितकंच धारदार असेल, रोजचं जगणं अडत असेल, तर त्याला आयसीडी-११ या जागतिक वर्गीकरणात 'प्रदीर्घ शोक' असं वेगळं निदान आहे. पत्रावरून मी ते तुम्हाला लावणार नाही, मॅडमना विचारा, आणि झोपेसाठी मनोविकारतज्ज्ञांना भेटावं का तेही विचारा. जगणंच नको वाटायला लागलं, तर गुरुवारची वाट बघायची नाही. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पत्नीला एवढंच सांगा, की त्या दिवशी मी अर्ध्यात उठून आलो, उरलेलं अर्धं करायला जातोय. जमलं तर संध्याकाळी सातला त्यांना शेजारी बसवा. बोलायला हवं असं नाही.

या गुरुवारी जा. हे पत्र सोबत न्या, बोलता आलं नाही तर वाचून दाखवा. मॅडमना तुम्ही सांगितलं होतं, 'ही वॉज फीलिंग लोनली.' ते चूक नाही, पण करमणं म्हणजे तेवढंच नसतं. भरल्या लग्नघरातही एखाद्याला करमत नाही, आणि एखाद्याला नुसत्या गोठ्यापाशी बसून करमतं. एकटेपण माणसाचं असतं, करमणं हे माणूस आणि जागा यांच्यातलं असतं. आबांचं त्या घराशी जे जमून आलेलं होतं ते आईबरोबर उसवलं, आणि ते रोज सातला तुम्हाला तेवढंच कळवत होते. तुम्ही आला असतात तरी सोमवारी त्यांना पुन्हा करमलं नसतं, हे कदाचित तुम्हाला त्या खोलीतच म्हणता येईल. मॅडमना आधी हे सांगा, की आई होती तेव्हा आबांना कुठे करमायचं, कशात करमायचं, आणि तुम्ही लहान असताना त्यांच्याजवळ बसलात की ते काय बोलायचे.